टाच नेहमीसारखी

आजीच्या वहीत मोज्यांसाठी एकच पान आहे. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात : ‘६४ टाके. २ सुलट २ उलट चार बोटं. मग साधं, वीतभर. टाच नेहमीसारखी. पाऊल मापानं. टोक बंद.’ एवढंच. खाली कोपऱ्यात किराणामालाची यादी, तीही अर्धीच.

वही माझ्या हातात आली तेव्हा आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती. आईनं आयुष्यभर क्रोशाच केला, दोन सुयांच्या वाटेला ती गेलीच नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, ‘‘अगं, नेहमीसारखी म्हणजे नेहमीसारखी. ती बोलता बोलता करायची. आम्ही कशाला बघतोय!’’

आजी साताऱ्याची. १९६२च्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी विणायला बसल्या, तशी तीही बसली. दुपारची झाकपाक झाली की गल्लीतल्या दहाबारा जणी एका ओसरीवर जमायच्या. कानटोप्या आणि मोजे, रंग एकच, मेंदीचा. साताऱ्याकडे फौजेत गेलेलं माणूस घराआड असतंच, त्यामुळे विणणारीच्या डोळ्यांसमोर कुणाचा तरी चेहरा असायचा. युद्ध संपलं, आजीचे मोजे थांबले नाहीत. वाताचे पाय असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तिनं मोजे घातले. कागदावर उतरवायची गरज तिला कधी पडली नाही, कारण शिकणारी शेजारीच बसलेली असायची. ‘‘इकडे ये, बघ’’ हाच तिचा नमुना.

ट्रंकेत आजोबांच्या मोज्यांचा एकच जोड उरला होता. एकाला कसर लागलेली, दुसरा धड. मी धड असलेला घेतला, टोकाची गाठ शोधली, कात्रीनं कापली आणि उसवायला बसले. घरात कुणाला आवडलं नाही. नवरा म्हणाला, ‘‘आठवण म्हणून ठेवायचा ना!’’ मला ती टाच हवी होती.

वरून विणलेला मोजा टोकाकडून उसवतो, म्हणजे गोष्ट शेवटापासून ऐकल्यासारखी कळते. एक फेरी उसवायची, टाके मोजायचे, कागदावर खालून वर लिहीत जायचं. टोक गेलं, पाऊल गेलं. टाचेजवळ येईपर्यंत सुईवरचे ६४ टाके ८२ झाले होते आणि ते कुठून आले हे कळेना. तिथे दोन दिवस थांबले. मग भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं : टाचेच्या पट्टीच्या दोन्ही कडांना लांबट फासे होते, साखळीसारखे. आजी प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घेत होती. त्यामुळे ३२ ओळींच्या पट्टीला कडेला बरोबर १६ फासे, एका बाजूला १६, दुसऱ्या बाजूला १६. त्यांतून नवे टाके उचललेले. वळवलेल्या टाचेचे १८, कडांचे ३२ आणि पायाच्या वरच्या अंगाचे ३२ : झाले ८२. मग एकाआड एक फेरीत दोन-दोन घटवत नऊ वेळा, की परत ६४. आणि पट्टी जाड लागत होती त्याचं कारण म्हणजे सुलट ओळीत एकाआड एक टाका उचललेला, मागून दोरा आडवा गेलेला. बुटात टाच घासते, म्हणून दुपदरी.

एवढं सगळं त्या दोन शब्दांत होतं. चवथी यत्ता शिकलेली बाई.

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. सत्तावीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. आधी बोर्ड आणि टी-स्क्वेअर, मग ऑटोकॅड. त्या कामानं एक खोड लावली. ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसासाठी कागद करायचा. शॉपवर रात्रपाळीला असलेल्या टर्नरला मला फोन करता येणार नाही, असं धरून चालायचं. त्यानं चुकीचं माप घेतलं तर साहेब त्याला नाही, आधी ड्रॉइंगला बघतो. निवृत्तीनंतर आजीची टाच मी कागदावर मांडली ती याच सवयीनं. आकृती, मापं, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत तारीख आणि ‘आवृत्ती अ’. मैत्रिणी हसल्या. आता ते पान ‘आवृत्ती ऊ’वर आहे आणि हसणाऱ्यांपैकी दोघींनी त्यातल्या चुका काढल्या आहेत.

पहिली अडचण शब्दांची आली. इंग्रजीतल्या नमुन्यांना ठरलेली संक्षिप्त भाषा आहे, वाचणारीला सवय झाली की पाढ्यासारखं वाचता येतं. मराठीत विणणाऱ्या लाखभर असतील, पण प्रत्येक गावात, प्रत्येक शिवणवर्गात शब्द वेगळे. सुलट, उलट, टाके घालणे, बंद करणे इथवर सगळ्यांचं एकमत. ‘दोन टाक्यांचा एक’ कळतं. ‘दोरा पुढे’ म्हटलं की जाळीवाल्या बायका ओळखतात. त्यापुढे मात्र सगळं ‘असं’ आणि ‘तसं’, हाताच्या हालचालीसह. कागदाला हात नसतात.

तेव्हा मी शिवणकामातून उसनं आणलं. टाचेच्या बाजूला आणि अंगठ्याच्या बुडाशी जो त्रिकोणी भाग वाढतो त्याला काय म्हणावं, या विचारात होते. आमच्या गल्लीतला शिंपी झब्ब्याला बगलेत कळी लावतो, तसाच तर तो आकार. लिहिलं ‘टाचेची कळी’, ‘अंगठ्याची कळी’. एकीलाही समजावून सांगावं लागलं नाही. सपाट विणताना ‘ओळ’, गोल विणताना ‘फेरी’, हा भेद पाळला. न विणता उचललेल्याला ‘उचलटाका’. टोकाला दोन सुयांवरचे टाके शिवण न दिसता जोडायच्या पद्धतीला इंग्रजीत किचनरचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांसाठी मोजे विणायची मोहीम चालली त्या काळापासून ते चिकटलेलं. हा किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. त्यानं स्वतः सुई धरली असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. कुणा बाईच्या हातची युक्ती साहेबाच्या नावावर गेली असणार. मी ‘बिनशिवणीची जोड’ लिहिते.

सुयांच्या नंबरानं मात्र दगा दिला. आपल्याकडच्या सुया जुन्या विलायती नंबरावर चालतात : नंबर वाढला की सुई बारीक. आठ नंबरची ४ मिलिमीटर, दहाची सव्वातीन, बाराची पावणेतीन. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. मला हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि कागदावर असणं यांत फरक आहे. तान्ह्या बाळाच्या टोपीचा माझा नमुना भाचीनं मिनिआपोलिसमध्ये विणला. मी लिहिलं होतं ‘सुया १० नंबर, टाके ८८’. तिनं दुकानात जाऊन दहा नंबरच्या सुया आणल्या. तिथला दहा नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. फोटो आला : टोपी चाळणीसारखी, आणि बाळाच्या बापाच्या डोक्यावर ऐटीत बसलेली. भाचीला वाटलं तिचा हात सैल आहे. चूक माझी होती. त्या दिवसापासून नंबर लिहिते, पण आधी मिलिमीटर.

हात सैल-घट्ट असण्याचा प्रश्न यापेक्षा चिवट. तीच लोकर, त्याच सुया, तेच ६४ टाके. माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके बसतात, मोजा होतो २१ सेंटिमीटर घेराचा. जाऊबाईंचा हात घट्ट, त्यांचे ३२ बसतात. त्यांचा मोजा २० सेंटिमीटर. एका काकूंचे २८, त्यांचा जवळपास २३. मोजा पायावर तंग बसावा म्हणून तो पायाच्या घेरापेक्षा दहाएक टक्के लहानच ठेवायचा असतो. म्हणजे एकीला पायातून निघेना आणि दुसरीला चपलेत गोळा होतो, नमुना एकच. उपाय साधा : आधी हातभर नाही, वीतभर चौकोन विणून टाके मोजायचे. आमच्या बायका तो चौकोन विणत नाहीत. ‘‘तेवढ्यात एक बाही होते हो ताई!’’ मी भांडून थकले. आता मोज्याच्या नमुन्यात लिहिते की वरची बॉर्डर आणि त्यापुढे दहा फेऱ्या विणून झाल्या की पायात घालून बघा. चौकोनाचंच काम, पण बाही वाया गेल्यासारखं वाटत नाही.

या बाबतीत मला एलिझाबेथ झिमरमनचा फार आधार वाटला. जन्म इंग्लंडचा, संसार अमेरिकेत विस्कॉन्सिनला. १९७१ साली तिचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ आलं. तिची पद्धत टाके न सांगता प्रमाण सांगायची : तुझ्या हाताचे इतके टाके इतक्या मापात बसतात ना, मग घेराला शंभर धर, बाही त्यातला इतका टक्का, मनगट इतका. ड्रॉइंग ऑफिसातल्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही. टोपीच्या नमुन्यात मी आता टाक्यांचा एकच आकडा देत नाही. डोक्याचा घेर मोजा, दहा टक्के वजा करा, तुमच्या टाक्यांनी गुणा, मग जवळचा आठच्या पाढ्यातला आकडा घ्या. ५६ सेंटिमीटरचं डोकं, १० सेंटिमीटरला २२ टाके असा हात, तर ११२ येतात. आठानं भाग का, तर माथ्याला आठ गाळे करून प्रत्येक गाळ्यात एकेक टाका घटवत आलं की टोपी वर चुणीशिवाय मिटते. मोदकाच्या पाऱ्या एकत्र येतात तशी.

गंमत म्हणजे हे गणित बघून काही जणी पळाल्या. एकीनं स्पष्ट सांगितलं, ‘‘मला आकडा द्या. गणितासाठी नाही मी विणत.’’ तिचंही खरं. म्हणून मागच्या पानावर तीन मापांचे तयार आकडे देते. तत्त्व म्हणून ते मला रुचत नाही, पण देते.

हातमोज्यांची कथा वेगळी. पुण्यात लोकरीचे हातमोजे कुणाला लागतात? थंडीचे जेमतेम पंधरा दिवस. पण ते पंधरा दिवस पहाटे स्कूटरवर निघणाऱ्यांना, पेपर टाकणाऱ्या पोरांना विचारा. मी बिनबोटांचे करते : अंगठ्याला छोटी नळी, बाकी चार बोटं बाहेर, म्हणजे नाणी मोजता येतात, ब्रेक धरता येतो.

त्यांवर काही नक्षी हवी म्हणून मनात चैत्रांगणातलं अष्टदल कमळ घेतलं. ठिपक्यांची रांगोळी आणि विणकामाचा तक्ता ही तशी सख्खी भावंडं, दोन्ही चौकटीत मोजून भरायची. आलेख कागदावर २५ बाय २५ चौकटींचं सुरेख कमळ काढलं, पांढऱ्यावर कुंकवाच्या रंगात विणलं. झालं ते कमळ नव्हतं, पायाखाली आलेली पुरी होती. कारण शोधायला डोकं लागलं नाही, लाज मात्र वाटली. लोकरीचा टाका चौकोनी नसतो. रुंदीला जास्त, उंचीला कमी. माझ्या त्या तुकड्यात १० सेंटिमीटरला २८ टाके आणि ३६ ओळी बसत होत्या. म्हणजे पंचवीस टाके झाले जवळपास ९ सेंटिमीटर आणि पंचवीस ओळी ७ सेंटिमीटरच्या आत. मग जुनी पट्टी काढली आणि स्वतःचा कागद आखला, ९ मिलिमीटर रुंद, ७ मिलिमीटर उंच अशा घरांचा. त्या कागदावर कमळ नव्यानं काढलं तेव्हा पाकळ्या उभ्या राहिल्या. हा आखलेला कोरा कागद मी मागेल तिला देते. नमुन्यापेक्षा तोच जास्त फिरलाय.

नॉर्वेत सेल्बू नावाचं गाव आहे. तिथल्या मारित एमस्टाड नावाच्या मुलीनं १८५७ साली काळ्यापांढऱ्या दुरंगी हातमोज्यांवर आठ पाकळ्यांचं फूल विणलं आणि ते घालून चर्चला गेली, असं सांगतात. गावानं ते उचललं. आज तीन सेल्बू-फुलं तिथल्या नगरपालिकेच्या मानचिन्हात आहेत. माझं अष्टदल त्या फुलाशेजारी ठेवलं तर परकं वाटत नाही. आठ पाकळ्या चौकटीत बसवायला निघालं की सगळ्यांचे हात बहुधा तिथेच पोचतात. झिमरमन नव्या युक्तीला शोध म्हणायला तयार नसायची, आधी कुणीतरी केलेलंच आपण उकरून काढतो असं तिचं म्हणणं. आजोबांच्या मोज्यानंतर मला ते वेगळं पटवून द्यावं लागलं नसतं.

कमळाच्या हातमोज्यांत माझी सगळ्यांत लाजिरवाणी चूक झाली. एका हाताचं सगळं तपशिलानं लिहिलं, दोन पानं. शेवटी एक ओळ : ‘दुसराही असाच विणावा.’ चार जणींनी तसाच विणला. साधा, बिननक्षीचा हातमोजा दोन्ही हातांना चालतो. कमळ मात्र हाताच्या पाठीवर आहे आणि अंगठ्याची कळी तळव्याकडे. असाच विणला तर दोन्ही उजव्या हाताचे. सत्तावीस वर्षं डावा-उजवा भाग वेगळ्या नंबरानं काढणारी मी! कारखान्यात हे झालं असतं तर सगळा लॉट भंगारात. इथे त्या चौघींनी मिळून आपापसांत अदलाबदल करायचा प्रयत्न केला, मग लक्षात आलं की सगळ्यांचेच उजवे. अजून भेटलो की हात वर करून दाखवतात.

त्यानंतर कुठलाही नमुना मी स्वतःच्या भरवशावर बाहेर दिला नाही. आधी तो तिघी-चौघी विणून बघतात. सगळ्यांत हुशार विणणारी यासाठी सगळ्यांत निरुपयोगी. तिला चूक दिसते, ती न बोलता हातासरशी दुरुस्त करून पुढे जाते आणि सांगते, ‘‘छान आहे हो.’’ माझी खरी परीक्षक सोसायटीतली एक मुलगी, बँकेत नोकरीला, विणायला लागून वर्ष नाही झालं. ती लिहिलंय तेवढंच करते. ‘खुणेचा टाका येईपर्यंत विणा’ असं लिहिलं होतं. तिनं विचारलं, ‘‘मावशी, येईपर्यंत म्हणजे खुणेचा धरून की सोडून?’’ मी पाच मिनिटं बघत राहिले. दोन्ही अर्थ होत होते. मी ते वाक्य स्वतः तीस वेळा वाचलं होतं.

चपलेसोबत घालायच्या मोज्यांचा नमुना मात्र पूर्ण आपल्याकडचा, आणि तोच माझा सगळ्यांत लाडका. आमच्या पिढीच्या बायका थंडीतही चपलाच घालतात. त्यासाठी अंगठा वेगळा आणि चार बोटांचा एक कप्पा. दुकानात नायलॉनचे तसे मिळतात, पण ते घामट. लोकरीचे करायचे तर दोन अडचणी. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात भोक पडतं, कारण चपलेचा अंगठा तिथेच घासतो. आणि दुसऱ्या बोटात जोडवी. जोडवी आतून घासून घासून बरोबर एका जागी मोजा झिजवतात. दोन हिवाळे मी वेगवेगळ्या मैत्रिणींचे झिजलेले मोजे गोळा केले, धुऊनच द्या म्हणून सांगत. सगळ्यांची भोकं टोकापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर. तेवढ्या पट्ट्यात आता लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक दोरा जोडून विणायला सांगते, आणि बेचक्यात तीन टाके जास्तीचे उचलायला. हे करून झाल्यावर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या इजिप्तच्या मोज्यांचा फोटो बघितला. लाल लोकरीचे, दीड हजार वर्षांहून जुने, एकाच सुईच्या जुन्या पद्धतीनं केलेले. अंगठा वेगळा! चपलेत घालण्यासाठीच. मी फोटो आत्याला दाखवला. ती म्हणाली, ‘‘तिथल्या बायका जोडवी घालत नसतील, नाहीतर भोक दिसलं असतं.’’

पैशाचं बोलायला हवं. जोडाला वीसेक हजार टाके पडतात, हा माझा हिशेब आहे. रोज दीड-दोन तास बसलं तर दोन-तीन आठवडे. त्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून विणलेले मोजे मी विकत नाही, देते. नमुना तयार करायला त्याहून जास्त वेळ जातो, तीन-चार जोड उसवून झालेले असतात. त्याचे साठ रुपये मागितले तर एका बाईंनी विचारलं होतं, ‘‘कागदाचे?’’ त्यांच्या दृष्टीनं विणकाम शेजारणीनं शेजारणीला सांगायची गोष्ट आहे, लोणच्याच्या मसाल्यासारखी. आजीनं कुणाकडून एक पैसा घेतला नाही, हे मलाही माहीत आहे. पण शेजारणीचा मसाला बिघडला तर ती जबाबदार नसते; माझ्या कागदाला मी आहे. बाळंतविड्याचं सगळं, टोपडं, पायमोजे, हातमोजे, फुकट देते. तिथे पैसे मागायला जीभ रेटत नाही. बाकीच्याला पैसे घेते आणि संकोच वाटतो तो वाटू देते.

एका लोकरीच्या दुकानानं माझ्या कमळाच्या तक्त्याच्या झेरॉक्स काढून लोकरीच्या गुंड्यांबरोबर वाटल्या. नाव खोडलेलं. मी गिऱ्हाईक म्हणून गेले, एक प्रत घेतली. मालक म्हणाले, नमुना त्यांच्या ओळखीतल्या बाईंचा, फार जुना. मी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे डावीकडे एक घर भरायचं राहून गेलेलं होतं. एका जुन्या आवृत्तीतली माझीच चूक, पुढे सुधारली होती. त्यांच्या कागदावर ती जशीच्या तशी. मालक गप्प. मी भांडले नाही. घरी येऊन सुधारलेला तक्ता त्यांना पाठवून दिला, निदान गिऱ्हाइकांची कमळं तरी धड होऊ देत. आभार आले नाहीत, पण पुढच्या महिन्यात नवी झेरॉक्स लागली होती. त्यावरही नाव नव्हतंच.

टाचेच्या पानावर सगळ्यांत जास्त मेहनत घेतली, कारण माझा हट्ट होता की हे पान हातात असलं की कुणालाही फोन करायला लागू नये. मध्यावर वळायची जागा तीन प्रकारांनी सांगितली आहे : शब्दांत, आकृतीत, आणि ओळीमागे किती टाके उरतील त्याच्या कोष्टकात. बँकेतल्या मुलीनं तिन्ही तपासलं. तरीही फोन येतात, आणि सगळे त्याच जागी येतात. ओळ अर्धी सोडून वळा, हे डोळ्यांनी वाचलं तरी हात ऐकत नाहीत. लहानपणापासून ओळ पुरी करायचीच सवय.

परवा संध्याकाळी गडहिंग्लजहून एका बाईंचा आला. कूकरच्या शिट्ट्या मागे चालल्या होत्या.

‘‘ताई, कागदात एक ओळ राहिलीय का हो? मधेच वळायचं म्हणजे पुढचे टाके तसेच सोडायचे व्हय?’’

‘‘तसेच सोडायचे.’’

‘‘मग भोक पडत नाही?’’

‘‘फट दिसेल. ती हवीच आहे, पुढच्या खेपेला तिथेच दोनाचा एक करायचाय. आत्ता उजव्या सुईवर किती झाले?’’

मोजायला वेळ लागला. ‘‘वीस. आणि न विणलेले अकरा.’’

‘‘बरोबर. थांबा, मीही घेते.’’ फोन स्पीकरवर टाकला, टोपलीतून माझा अर्धा मोजा काढला. तोही टाचेशीच अडला होता. ‘‘आता वळा. पहिला नुसता उचला. पाच उलट. दोनाचा एक, उलट. आणखी एक उलट. पुन्हा थांबा.’’

तिकडून काही वेळ नुसता सुयांचा आवाज. मग कूकर. मग त्या म्हणाल्या, ‘‘ताई, आता या बाजूलाबी अकराच उरले.’’